गुडघ्याच्या व खुब्याच्या बाहेरील अंगाचे दुखणे : अतिताणाची वेळीच ओळख

आपल्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात एक तक्रार वारंवार ऐकू येते. चालताना गुडघ्याच्या बाहेरील बाजूस अथवा खुब्याच्या कडेला कळ येते. पोलीस भरतीच्या धावण्यासाठी अंबरनाथ-बदलापूरच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे सराव करणारे तरुण, मलंगगड उतरून आलेले यात्रेकरू, बदलापूर ते मुंबई हा सुमारे ६८ किलोमीटरचा लोकलप्रवास उभ्याने करणाऱ्या भगिनी, अशा सर्वांच्या मनात धास्ती एकच असते : सांधा झिजला असेल काय? शस्त्रक्रिया करावी लागेल काय? ही धास्ती बहुधा अनाठायी असते.

प्रस्तुत लेखक वैद्यक नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि डॉक्टरांकडून जे समजले ते जमाखर्चाच्या भाषेत सोपे वाटते. शरीराची जमा हळूहळू वाढते. खर्च एकाएकी वाढविला की तूट येते.

मांडीच्या बाहेरून कमरेपासून गुडघ्याखालील हाडापर्यंत एक चिवट पट्टा जातो. गुडघा सुमारे ३० अंशांत वाकतो तेव्हा हा पट्टा हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो व खालचा मऊ भाग दुखावतो. धावताना, विशेषतः उतारावर, हे सहस्रावधी वेळा घडते. १९७५ साली डॉ. जेम्स रेन यांनी अमेरिकेच्या मरीन सैनिकांमध्ये या विकाराची नोंद केली. भरतीची तारीख जवळ आली म्हणून अंतर एकदम दुप्पट करणारा आपल्याकडील तरुण त्याच वाटेने जातो.

खुब्याच्या कडेचे दुखणे चाळिशीनंतरच्या स्त्रियांत अधिक आढळते. नितंबाचे स्नायू हाडास जोडणाऱ्या कंडरांवर ताण येतो. त्या कुशीवर झोपणे व जिने चढणे कठीण होते. एकाच पायावर भार टाकून उभे राहणे किंवा पायावर पाय टाकून बसणे यांमुळे त्यात भर पडते.

उपचार साधे आहेत. दुखविणारे श्रम काही काळ कमी करावेत, नितंबाचे स्नायू व्यायामाने बळकट करावेत, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी आणि सराव क्रमाक्रमाने वाढवावा. खुब्याच्या दुखण्याविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील २०४ रुग्णांच्या अभ्यासात, आठ आठवड्यांनंतर मार्गदर्शन व व्यायाम घेतलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के, तर स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. मात्र पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, सांधा सुजला असेल, ताप असेल अथवा पाय बधिर होत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

या उपचारास मोठे यंत्र लागत नाही. तज्ज्ञाचा वेळ लागतो. उल्हासनगरच्या शिवणकामावर पोट असलेल्या रुग्णाचा, प्रत्येक भेटीसाठी अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडतो. थोडे बरे वाटताच तो येणे थांबवितो आणि दुखणे परत येते. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, तज्ज्ञाच्या वेळेवर येत नाही. तरीही सायंकालीन भौतिकोपचारासाठी दिलेली देणगी एखाद्या घराची चूल पेटती ठेवते, याची आमच्या हितचिंतकांनी कृपया नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.