प्रयोगाचा रंग आणि पडद्यावरचा रंग

रत्नागिरीच्या परसात हळद आणि जास्वंद सहज मिळतात. त्यामुळे आम्ल-आम्लारीचा पाठ शिकविताना शिक्षकाला केवळ लिटमसवर अवलंबून राहावे लागत नाही. हळदीचा पिवळा रंग आम्लारीत लालसर होतो. जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी, तर आम्लारीत हिरवा होतो. येथे रंग हेच प्रयोगाचे उत्तर असते. मात्र या प्रयोगाची चित्रफीत दोन-तीन कॅमेऱ्यांनी घेतली, की तेच उत्तर दृश्यागणिक पालटण्याचा धोका उद्भवतो.

दुपारचा सूर्यप्रकाश सुमारे 5500 केल्विनचा, तर जुन्या तारेच्या दिव्याचा 2800 च्या आसपास असतो; पावसाळी ढगाळ उजेड याहून निळसर. मानवी डोळा हा भेद नकळत सांभाळून घेतो. प्रत्येक कॅमेरा मात्र पांढरा रंग आपापल्या हिशेबाने ठरवितो. जांभ्या दगडाची उघडी भिंत जवळ असली, तर तिचा तांबूस परावर्तित प्रकाश त्यात भर घालतो. परिणामी एका दृश्यातील पिवळी हळद दुसऱ्यात नारिंगी दिसते, आणि आम्लारी घालण्यापूर्वीच विद्यार्थ्याला रंग बदललेला दिसतो!

पुण्यात 1984 मध्ये सुरू झालेली व 2017 मध्ये बंद पडलेली बालचित्रवाणी ही शैक्षणिक चित्रफितींसाठीची संस्था होती. अशा स्टुडिओंत कॅमेरे परस्परांशी जुळविण्याचे काम तंत्रज्ञ चित्रीकरणापूर्वीच करतात. आज मोबाइल हाती घेतलेला शिक्षक स्वतःच छायाचित्रकार, संकलक आणि तंत्रज्ञ असतो.

म्हणून रंगजुळणीचा आरंभ चित्रीकरणापूर्वीच व्हावा. खिडकीचा उजेड आणि दिवा यांची सरमिसळ टाळावी. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स बंद करून सर्व कॅमेरे एकाच राखाडी कार्डावर स्थिर करावेत, आणि ते कार्ड प्रत्येक कॅमेऱ्याने काही क्षण चित्रित करावे. संकलनात परीक्षानळी जवळून दाखविणारा कॅमेरा प्रमाण मानावा. शिक्षकाच्या चेहऱ्याचा नव्हे. प्रथम उजळपणा, मग राखाडीची तटस्थता, शेवटी रंगाची तीव्रता असा क्रम ठेवावा. डोळा थकतो आणि फसतो. यासाठी वेव्हफॉर्म व व्हेक्टरस्कोप या आलेखांचा आधार घ्यावा.

दुरुस्ती संपूर्ण दृश्याला लागू करावी. केवळ द्रावणाचा रंग खुलविणे म्हणजे निरीक्षणात फेरफार करणे होय, मग हेतू कितीही चांगला असो. चित्रफीत वर्गात दाखविण्यापूर्वी शाळेच्याच पडद्याशेजारी ताजे द्रावण भरलेली परीक्षानळी धरून दोन्ही रंग पडताळून पाहावेत.