पत्रा तापतो, पण हवा तापते का?

नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीची द्राक्षे मुख्यतः ताजीच विकली जातात. पण भाव कोसळला की बेदाण्याची आठवण होते. सुमारे ४ किलो द्राक्षांतून १ किलो बेदाणा मिळतो, म्हणजे ३ किलो पाणी उडवावे लागते. त्यास लागणारी उष्णता २ युनिट विजेइतकी असते. ऊन ती फुकट देते. परंतु उघड्या वाळवणीवर अवकाळी सर आली की माल काळवंडतो, शिवाय माश्या-किडे चिकटतात ते निराळेच. म्हणून आपल्यापैकी काही व्यापारी कुटुंबे बंद सौर वाळवणी यंत्राची चौकशी करीत असतात.

या यंत्राचा प्राण म्हणजे हवा तापवणारी पेटी : काळा पत्रा, वर काच, तळाशी उष्णतारोधक थर. विक्रेता अभिमानाने पत्र्याचे तापमान दाखवतो. आमच्या मते फसगत होते ती येथेच. पत्रा अतिशय तापला, याचा अर्थ उष्णता हवेने उचलली नाही. ती आता काचेवाटे बाहेर निसटणार.

याचे कारण असे की, पत्र्यालगतचा हवेचा पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो आणि घोंगडीसारखा आड येतो. तो मोडण्यासाठी पत्र्याच्या हवेकडील बाजूस एक-दोन मिलिमीटर जाडीच्या तारा आडव्या बसवतात. प्रवाह खवळतो व उष्णता उचलली जाते. काही पेट्यांत हवा आधी काचेखालून नेऊन मग पत्र्याखालून परतवतात, त्यामुळे वर निसटणारी बरीच उष्णता पुन्हा हाती लागते. मुंबई आयआयटीचे प्रा. सुहास सुखात्मे यांच्या १९८४ च्या सौर ऊर्जेवरील इंग्रजी ग्रंथात अशा पेट्यांचे गणित आले आहे. मात्र तारा फार दाट केल्यास पंख्याला जोर अधिक लागतो आणि मिळकतीचा काही भाग तोच खातो.

खरेदीपूर्वी हिशेब करावा. २ चौरस मीटरच्या पेटीवर निरभ्र दुपारी सुमारे २,००० वॅट ऊन पडते. तासाला १८० किलो हवा जाऊन ती २० अंशांनी तापली, तर १,००० वॅट हाती आले, म्हणजे निम्मे. १२ अंशच तापली, तर ३० टक्के. पंखा मंद करून हवा अधिक गरम भासवता येते. म्हणून तापमानासोबत हवेचे प्रमाणही विचारावे, आणि मोजणीपूर्वी काचेवरील धूळ पुसून घ्यावी.