पहिल्या रुग्णाआधीची शस्त्रक्रिया

मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंग ज्या पिशवीत बसवतात, तिचा मागचा पडदा मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा असतो. तो फाटण्याचा धोका नवशिक्या हातांना जास्त, आणि तो हात आजवर बसत आला तो रुग्णांच्याच डोळ्यांवर. बकऱ्याच्या डोळ्यावर सराव होतो खरा. पण त्यातले भिंग मऊ, आवरण लवचिक, त्यामुळे पिकलेल्या मोतीबिंदूची अडचण तिथे कळत नाही. जर्मनीत घडलेल्या ‘आयसी’ सिम्युलेटरमध्ये कृत्रिम डोळा, मायक्रोस्कोप आणि पायाखाली पेडल असते. अवजाराचे टोक कुठे आहे हे यंत्र टिपते आणि त्यानुसार डोळ्याच्या आतले दृश्य बदलते. भिंगाच्या पुढच्या आवरणात साधारण 5 मिलिमीटरचे वर्तुळ फाडताना हात भरकटला, तर गुण कापले जातात आणि डाव पुन्हा मांडता येतो. वैमानिकांच्या प्रशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अल् युल्ची यांनी उभारलेल्या ‘हेल्पमीसी’ या संस्थेचे यंत्र तर अवजाराला होणारा विरोधही बोटांना जाणवून देते. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेसाठीचे हे प्रशिक्षण मुंबईतही पोहोचले आहे.

याने खरेच फरक पडतो का? ब्रिटनमध्ये सिम्युलेटरचा वापर रुजत असताना, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थींच्या हातून पडदा फाटण्याचे प्रमाण 2009 मध्ये 4.2 टक्के होते. 2015 मध्ये ते 2.6 टक्क्यांवर आले. त्या काळात इतरही सुधारणा झाल्या असतील, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर आफ्रिकेतल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिळते. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 50 प्रशिक्षणार्थींची यादृच्छिक विभागणी झाली. सरावाच्या अभ्यासक्रमातून गेलेल्यांच्या शस्त्रक्रियांत पुढच्या वर्षी पडदा फाटण्याचे प्रमाण 7.8 टक्के होते, इतरांच्या 26.6 टक्के. शिवाय पहिल्या गटाने सरासरी 21.5 शस्त्रक्रिया केल्या, दुसऱ्याने 8.5.

विशेष म्हणजे या चाचणीतला सराव कृत्रिम डोळ्यांवरचा होता, महागड्या आभासी यंत्रावरचा नव्हे. त्यामुळे ‘हे आपल्याला परवडणार नाही’ हा आक्षेप निम्मा गळून पडतो. ठरलेल्या पायऱ्या, मोजलेले गुण आणि बिनधोक चुकण्याची मुभा हे खरे बळ; यंत्र त्याला अचूकता देते. भूल देऊनही हलणारा, घाबरलेला माणूस कोणतेच यंत्र उभा करू शकत नाही, म्हणून अनुभवी गुरूची जागा कायम राहील. पण ज्या चुका प्लॅस्टिकच्या डोळ्यावर होऊन संपू शकतात, त्या माणसाच्या डोळ्यावर होऊ देण्याचे समर्थन आता कठीण आहे. सराव परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही, हा नियम प्रत्येक प्रशिक्षण रुग्णालयाने करायला हवा.