मातृभाषेचा रकाना आणि ओमतीतली मराठी घरं

जबलपूर स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘ओमती’ म्हटलं, की तो पुढचं काही विचारत नाही. घंटाघर, नौदरा ब्रिज, पोलिस ठाणं... शहराच्या मधोमधचा हा गजबजलेला भाग. याच नावाचा नाला शहराच्या पोटातून वाहतो आणि पावसाळ्यात फुगला, की आपली आठवण करून देतो. पण या ओमतीत माणसं राहतात किती आणि त्यांत मराठी किती, असं विचारलंत तर नेमका आकडा हाती लागणं कठीण.

अमेरिकेत चार-पाचशे वस्तीच्या खेडवळ टाउनशिपचीही दर दहा वर्षांची लोकसंख्या ओळीनं मांडलेली सापडते. तिथे १७९० पासून हा शिरस्ता आहे. आपल्या शहरांत मोजणी होते वॉर्डावर, आणि वॉर्डांच्या हद्दी बदलत राहतात. त्यामुळे मोहल्ला लोकांच्या तोंडी राहतो, तक्त्यात नाही. अख्ख्या जबलपूरचे आकडे मात्र आहेत. १९०१ साली या शहरात ९०,३१६ माणसं होती. २०११ मध्ये लगतची वस्ती धरून ती साडेबारा लाखांवर गेली.

या गर्दीत मराठी माणूस आला कधी? रेल्वेतून, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धंच खरं! राणी दुर्गावतीच्या गढा-मंडला राज्याचा शेवट १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी केला. त्यांनीच जबलपूरला आपलं ठाणं केलं आणि या गावाचं महत्त्व वाढलं. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला. १९ डिसेंबर १८१७ ला जनरल हार्डीमनच्या इंग्रज फौजेनं भोसल्यांच्या सैन्याचा इथे पराभव केला आणि जरीपटका उतरला. म्हणजे जेमतेम छत्तीस वर्षांचा अंमल.

मग आली आगगाडी. अलाहाबादकडून १८६७ मध्ये, मुंबईकडून १८७० मध्ये. दोन्ही रूळ जबलपूरला जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. रेल्वे, कारखाना, शाळा, कचेऱ्या. नोकरी होती तिथे मराठी माणूस गेलाच.

तरीही तो तेव्हा ‘परप्रांतात’ गेला नव्हता, ही गोष्ट आज सहसा लक्षात घेतली जात नाही. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती आणि राजधानी होती नागपूर. वऱ्हाडातला कारकून जबलपूरला बदलून गेला, तर ती आपल्याच राज्यातली बदली. हे सगळं १ नोव्हेंबर १९५६ ला बदललं. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला नागपूरला मुख्य न्यायाधीश होते, ते इथेही पहिले मुख्य न्यायाधीश झाले. कोर्टाबरोबर माणसंही आली. जी घरं आधीपासून इथे होती, ती मात्र जागची न हलता राज्याच्या सीमेपलीकडे गेली! पत्ता तोच, गल्ली तीच, पण एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य.

गंमत अशी, की त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं पुरेशा सोयी करायचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. पण सोय मागायची तर आधी मुलं किती, ते दाखवावं लागतं. आणि आकडा येतो जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यातून.

हा रकाना दिसतो तेवढा सोपा नाही. जबलपूरच्या मराठी घरात आजी ‘भाजी केली’ म्हणते, सून ‘भाजी बनवली’ म्हणते आणि नातू ‘सब्जी’ मागतो. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, शेजार हिंदी, बाजार हिंदी. प्रगणक दारात उभा राहून हिंदीतच विचारतो आणि घरातलं कुणीतरी घाईत ‘हिंदी’ सांगून मोकळं होतं. कधी प्रगणक न विचारताच लिहून टाकतो. २०११ मध्ये मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा नोंदवणारे बारा लाखांहून अधिक होते, पण राज्याच्या सव्वासात कोटींत ते दोन टक्केसुद्धा नाहीत. त्यांत बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाड्यासारखे सीमेलगतचे जिल्हेही आले. जबलपूरच्या वाट्याला काय उरत असेल, त्याचा अंदाज करावा.

खरं तर जनगणनेचा नियम स्पष्ट आहे. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती तुमची मातृभाषा. आई बालपणीच गेली असेल, तर तेव्हा घरात प्रामुख्यानं बोलली जाणारी भाषा. आज तुम्ही ऑफिसात काय बोलता, मुलं कुठल्या माध्यमात शिकतात, याचा इथे संबंध नाही.

गजानन माधव मुक्तिबोध १९४६-४७ च्या सुमारास जबलपूरला हितकारिणी शाळेत शिकवत होते. घर मराठी, पण नाव झालं ते हिंदी कवी म्हणून. त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठी ग्रंथासाठी मिळाला. दोन भाऊ, दोन भाषांचं साहित्य, पण रकान्यात दोघांपुढे एकच शब्द आला असता. ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्र्यांचंही तेच. त्यांच्या पुढाकारातून १९२० मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ निघाला, तोही हिंदीत. हिंदीची सेवा केली म्हणून आईची भाषा बदलत नाही.

२०२१ ला व्हायची जनगणना लांबली आणि आता २०२७ साठी ठरली आहे. या वेळी नोंदी मोबाइलवर घेतल्या जाणार आहेत. प्रगणक घंटाघरामागच्या एखाद्या जुन्या घराची कडी वाजवील, ‘मातृभाषा?’ विचारील, तेव्हा आजी आतल्या खोलीत असतील तर त्यांना बाहेर बोलवा. आणि पुढे प्रत्येकाच्या नावासमोर काय लिहिलं जातंय, तेही पाहून घ्या.