बानूबाई कोयाजींची वढूची शाळा

भोरच्या हिर्डोशी खोऱ्यात किंवा वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, केळद-पासली भागात पावसाळ्यात कुणी आजारी पडले की पहिला निरोप जातो तो गावातल्या आरोग्यसेविकेला, आशाताईला. आरोग्य केंद्र लांब, एसटीचा नेम नाही, ओढ्याला पाणी. अशा वेळी बाळंतिणीला केव्हा हलवायचे, जुलाब लागलेल्या पोराला जलसंजीवनी कशी पाजायची, हे ठरवणारे माणूस गावातच असावे लागते. ते तयार कसे करायचे, याचा धडा पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला आहे. तो घालून दिला डॉ. बानूबाई कोयाजी यांनी.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून स्त्रीरोगतज्ज्ञ झालेल्या बानूबाई पुण्यात आल्या. शकुंतलाबाई परांजपे यांच्या संततिनियमनाच्या कार्यात त्यांनी हात दिला. १९४४ साली रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा ते सुमारे ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. पुढच्या पाच दशकांत त्याचे साडेपाचशे खाटांचे मोठे रुग्णालय झाले. एवढ्या कर्तबगारीवरही कुणी समाधान मानले असते. बानूबाईंनी मात्र १९७२ मध्ये वढूचे काम हाती घेतले. शहरात कितीही खाटा वाढवल्या तरी खेड्यातली अडलेली बाई उशिरानेच पोहोचणार, हे त्यांना पुरते उमगले होते.

वढूत शासनाची यंत्रणा आणि केईएमचे डॉक्टर यांची सांगड घातली गेली, पण सगळा भार पेलला तो गावातून निवडलेल्या आरोग्यसेवकांनी. फारसे न शिकलेल्या बायाबापड्यांना गरोदरपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, स्वच्छ पाणी हे विषय शिकवले गेले. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती बानूबाईंची भूमिका. शिकवलेल्या बाईच्या पाठीशी त्यांनी अख्खे रुग्णालय उभे केले. तिने पाठवलेल्या रुग्णाला वर दार उघडे असेल, तरच गावात तिच्या शब्दाला वजन येते. नेतृत्वाचे शिक्षण म्हणतात ते हेच. नुसत्या वर्गातल्या व्याख्यानांनी ते होत नाही.

१९८८ मध्ये त्या तरुण मुलींकडे वळल्या. लग्नाआधीच मुलीला आपले शरीर, आहार आणि हक्क कळावेत, चार पैसे मिळवता यावेत, म्हणून खास प्रकल्प सुरू झाला. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७० पासून जामखेडला हीच वाट चालणाऱ्या रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याला तो १९७९ मध्येच मिळाला होता. महाराष्ट्राने देशाला दिलेला हा वारसा आहे.

१९७७ साली केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली, पण निवड बहुतांशी पुरुषांचीच झाली आणि ती योजना कोमेजली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही जागा बाईला मिळाली: साधारण हजार वस्तीमागे एक आशा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. नेतृत्व हा शब्द जगाने त्यांच्यासाठी वापरला, इथे मात्र त्या अजून मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर राबतात. सरकारी हिशेबात त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. हे मला अन्यायाचे वाटते.

बानूबाई जुलै २००४ मध्ये गेल्या. वढूचे केंद्र आजही चालू आहे. देशी बनावटीच्या रोटाव्हायरस लसीची चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांत ते होते.

भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरी गावांना नवे रुग्णालय मिळेल तेव्हा मिळो. तोवर दोन गोष्टी करता येतील. आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांचे प्रशिक्षण तालुक्यातच, मोठ्या रुग्णालयातल्या अनुभवी डॉक्टरांकडून व्हावे. आणि सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेत आशाताईला बोलायला उभे करावे, गावाच्या आरोग्याचा अहवाल तिच्या तोंडून ऐकावा.