बुऱ्हाणपुरावर शोधनिबंध लिहिताना संदर्भ कसे द्यावेत?

बुऱ्हाणपुरात विणलेले तलम कापड इराण, तुर्कस्तान व पोलंडपर्यंत जात असे, हा फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याचा मजकूर ज्या विद्यार्थ्यास उद्धृत करावयाचा आहे, त्याने, मूळ ग्रंथ १६७६ चा असला तरी हाती व्हॅलेंटाईन बॉलकृत १८८९ चे इंग्रजी भाषांतर असेल, तर अनुवादक, आवृत्ती, खंड व पृष्ठ यांचा तपशीलवार दाखला द्यावा. जामा मशिदीतील संस्कृत शिलालेख स्वतः वाचला असेल, तर स्थळ व दिनांक नोंदवावा. वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’तील हिरालाल यांच्या लेखातून घेतले असेल, तर श्रेय निःसंशय त्यांचेच. मुमताजमहल १६३१ मध्ये येथे निवर्तली, या सर्वश्रुत गोष्टीस संदर्भाची निकड नाही; तिच्या मृत्यूचे वर्णन घ्याल, तर मात्र आहे. विद्यार्थीमित्रहो, न पाहिलेल्या ग्रंथाचा हवाला कदापि देऊ नका.