तहानलेल्या खंडाखालचे प्राचीन पाणी

भूगर्भातील पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परसातील विहीर उभी राहते. वैशाखात रहाटाचा दोर किती हात अधिक सोडावा लागला, यावरून आपल्या आया-आज्या पाण्याचे अनुमान करीत. या अनुमानाचे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले असून त्यास जलभूविज्ञान म्हणतात. भूविज्ञान, भौतिकी, रसायन अथवा स्थापत्य या विषयांतील पदवीधरांना त्यात पीएच्. डी.पर्यंत मजल मारता येते. मात्र या शास्त्रातील कित्येक मोठे प्रश्न मनुष्यवस्तीपासून दूर, ओसाड मुलखात पडून आहेत. अशाच एका मुलखाची हकिगत आज सांगावयाची आहे.

ऑस्ट्रेलिया खंडात ‘ग्रेट आर्टेशियन बेसिन’ नावाचे भूजलाचे एक अफाट खोरे आहे. त्याचा विस्तार सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून काहीसा अधिक. पूर्वेकडील डोंगररांगांच्या उतारावर वालुकाश्माचे थर उघडे पडले आहेत. तेथे पावसाचे पाणी मुरते आणि त्याच थरांतून अतिशय मंद गतीने, वर्षाला अवघे काही मीटर, पश्चिमेकडील रखरखीत प्रदेशाखाली सरकत जाते. या थरांवर चिकणखडकाचे जाड झाकण असल्यामुळे पाणी कोंडले जाते. गच्चीवरील टाकी भरलेली असली की तळमजल्यावरचा नळ सोडताच पाणी जोराने येते. तोच न्याय येथे लागू पडतो. झाकणास भोक पाडले की पाणी पंपावाचून वर उसळते. काही ठिकाणी ते इतक्या खोलवरून येते की जवळजवळ उकळते असते!

अशी पहिली वाहती विंधनविहीर १८७८ साली न्यू साउथ वेल्समधील बर्क गावाच्या परिसरात खोदली गेली. मग मेंढपाळांची झुंबडच उडाली. १९१५च्या सुमारास या खोऱ्यातून दररोज सुमारे २०० कोटी लिटर पाणी बाहेर पडत होते. ते उघड्या चरांतून मैलोगणती सोडून देत, आणि त्यातील बहुतेक भाग उन्हाने आटून वा जमिनीत जिरून जाई. फुकटच्या पाण्याची किंमत कोणास वाटते? परिणाम व्हायचा तोच झाला. दाब उतरला, अनेक विहिरींचे उसळणे थांबले आणि जेथे पाणी आपण होऊन वर येई ते कित्येक झरेही सुकले. हे झरे म्हणजे त्या खंडातील आद्य रहिवाशांच्या हजारो वर्षांच्या वाटांवरील विसावे. डलहौसी येथील झऱ्यांत तर जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे मासे आहेत. १९९९पासून सरकारने मोठी योजना आखून विहिरींना झडपा बसविल्या व चरांच्या जागी नळ घातले, तेव्हा काही भागांत दाब पुन्हा वाढू लागला.

आता संशोधकापुढील प्रश्न पाहा. या खोऱ्यात नवे पाणी किती येते? ते ठाऊक असल्यावाचून किती उपसावे हे ठरविता येत नाही. त्यासाठी आधी पाण्याचे वय काढावे लागते. विश्वकिरणांमुळे वातावरणात क्लोरीन-३६ नावाचा किरणोत्सर्गी अणू तयार होतो व पावसाबरोबर जमिनीत उतरतो. भूगर्भात त्याची भर पडत नाही असे धरले, तर सुमारे ३ लाख वर्षांत त्याचे प्रमाण निम्मे होते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत येथील काही पाण्याचे वय १० लाख वर्षांच्या घरात निघाले. परंतु क्लोरीन लबाड. खडकांतील जुने मीठ त्यात मिसळून हिशेब बिघडवते. म्हणून पुढे क्रिप्टॉन-८१ या कशाशीही संयोग न पावणाऱ्या वायूचा आधार घेण्यात आला. २००० साली त्याची मोजणी करताना हजारो लिटर पाण्यातून वायू काढावा लागला होता. आज दोन-चार घागरी पाणी पुरते.

हे काम करणारा विद्यार्थी मोटारीत शेकडो किलोमीटर तुडवून विहिरीवर पोचतो, उष्ण पाण्याचे नमुने बाटल्यांत बंद करतो, रात्री तंबूत राहतो, आणि मग कित्येक महिने गणकयंत्रावर गणिते मांडीत बसतो. परदेशी शिक्षण म्हणजे चकचकीत इमारती, अशी समजूत असलेल्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे. मुलींना असल्या कामास धाडावे की नाही, असेही मला विचारले जाते. माझ्या मते मुलगी धीट असेल तर अवश्य धाडावे.

ॲडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठात २००९ साली भूजलाच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. ऑस्ट्रेलियात पीएच्. डी.स साधारणतः तीन ते चार वर्षे लागतात व मुख्य भर प्रबंधावर असतो. तेथील सरकारची संशोधन-शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांसही खुली आहे. चुरस मात्र भारी.

तेवढ्या दूर जाणे ज्यांस शक्य नाही त्यांना घराजवळही दारे उघडी आहेत. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था १९६१पासून कार्य करीत आहे, आणि रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे कठीण खडकांच्या अभ्यासाचे केंद्र तर आपल्या बेळगावातच आहे. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे नशीबही सारखे नसते. हा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्याहून सोपा आहे असे कोणी समजू नये. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन-छात्रवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात.

अर्ज करण्यापूर्वी ज्यांच्या हाताखाली काम करावयाचे त्या प्राध्यापकांचे दोन-तीन निबंध वाचावेत आणि त्यांतील आपणास पडलेली शंका नेमक्या शब्दांत त्यांना लिहून कळवावी. नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा अशा पत्रास उत्तर येण्याचा संभव अधिक.